अमेरिकेतलं पब्लिक हायस्कूल: शिक्षक किती, काउन्सेलर किती, आणि मुलाच्या वाट्याला किती

'विद्यार्थी-शिक्षक प्रमाण १५:१.' घर घेण्याआधी शाळा बघणारे पालक या आकड्यावर खूश होतात आणि पंधरा मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणतात. तसा वर्ग त्या शाळेत शोधूनही सापडणं कठीण.

हिशेब करून बघा. १५०० मुलं, १०० शिक्षक. दिवसाला ७ पिरियड. मूल सातही पिरियड कुठल्या ना कुठल्या वर्गात असतं. शिक्षक मात्र साधारण ५ पिरियड शिकवतो, बाकीचे दोन तयारी आणि देखरेखीत जातात. म्हणजे भरायच्या जागा १०,५०० आणि सेक्शन, म्हणजे एका विषयाच्या तुकड्या, ५००. सरासरी झाली २१. आता त्या शंभरांतले १८ जण विशेष शिक्षणाचे (अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीचे) किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे शिक्षक धरले, तर सर्वसाधारण वर्गांसाठी ४१० सेक्शन उरतात आणि सरासरी पावणेसव्वीसच्या घरात जाते. सरासरीच्या पोटातही भेद आहेच. एपी (कॉलेजच्या पातळीच्या) फिजिक्सला १२ मुलं आली तरी तो सेक्शन चालवला जातो; त्याची भरपाई नववीच्या अल्जिब्रात ३२ मुलं बसवून होते. आधाराची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी तिथे.

म्हणून शाळेला प्रमाण विचारू नका. 'नववीच्या गणित आणि इंग्रजीच्या सेक्शनमध्ये जास्तीत जास्त किती मुलं आहेत?' असं विचारा. एका शिक्षकाकडे पाच वर्गांत १३० मुलं असली, तर प्रत्येक निबंधाला ५ मिनिटं दिली तरी जवळजवळ ११ तास होतात. निबंध वर्षाला तीनच का लिहून घेतात, हे कोडं मग उरत नाही.

खरी तंगी काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे मुलांचं वेळापत्रक आणि कॉलेजचे अर्ज सांभाळणाऱ्या सल्लागारांत आहे. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे. २०२२-२३ची देशभरची सरासरी ३८५ होती. ४०० मुलं सांभाळणारा काउन्सेलर घ्या. शाळेचे साधारण १८० दिवस, रोज ३ तास निव्वळ भेटीगाठींना मिळाले असं मानलं, तर एका मुलाच्या वाट्याला वर्षात ८१ मिनिटं येतात. तेवढा वेळही सलग मिळत नाही. पहिले दोन आठवडे वेळापत्रकातले बदल खातात, ऑक्टोबर कॉलेजसाठीची शिफारसपत्रं खातात, मे एपी परीक्षांच्या व्यवस्थेत जातो. त्या चारशेंत बारावीची शंभर मुलं, त्यातल्या पन्नासांना १ नोव्हेंबरच्या मुदतीत कॉलेजचे अर्ज करायचे आहेत. पत्राला एक तास म्हटलं तरी पन्नास तास झाले. ज्याला काउन्सेलर ओळखतच नाही, त्याचं पत्र चार ठोकळेबाज वाक्यांचं निघतं. अकरावीच्या वसंतातच मुलाने स्वतःची एक पानी माहिती नेऊन द्यावी; बहुतेक शाळांत तसा फॉर्म असतो, पण तो भरून घेण्यासाठी कुणी मागे लागत नाही.

मुलं आडनावाच्या अक्षरांनुसार वाटली आहेत की इयत्तेनुसार, तेही विचारून घ्या. अक्षरांनुसार असतील तर चारही वर्षं सहसा तोच माणूस राहतो, आणि हे केव्हाही बरं.

विशेष शिक्षणाला मात्र चांगले गुण द्यावे लागतील, कारण तिथे कायद्याचा कणा आहे. १९७५च्या कायद्यातून आलेल्या, आज 'आयडिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार आयईपीचा (मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेचा) आढावा दरवर्षी आणि फेरमूल्यमापन किमान तीन वर्षांतून एकदा घ्यावंच लागतं. पालक आणि शाळा दोघांनाही गरज वाटली नाही तरच फेरमूल्यमापन टळतं. गफलत सुरुवातीलाच होते. मुलाचं मूल्यमापन करा, असं पालक शिक्षकाला तोंडी सांगतात आणि वाट बघत बसतात. पहिल्या मूल्यमापनाची ६० दिवसांची मुदत (काही राज्यांची वेगळी) पालकांनी संमतीपत्रावर सही केल्यापासून मोजली जाते. म्हणून मागणी लेखी, तारखेसह ईमेलने करा आणि संमतीपत्र हाती पडलं की सही करून त्याच दिवशी परत द्या. १९७३च्या कायद्याखालचा ५०४ प्लॅन (वर्गात आणि परीक्षेत सवलती देणारी योजना) सुटसुटीत असतो, पण त्याला असं घड्याळ बांधलेलं नाही. शिवाय तो सांभाळणारा बहुतेकदा तोच चारशे मुलांचा काउन्सेलर. परीक्षेत जादा वेळ मंजूर असूनही एखाद्या विषयशिक्षकापर्यंत ते पोचलेलंच नसतं. दर सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला प्लॅनची प्रत स्वतः पाठवलेली बरी.

मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर, नर्स यांची नावं कर्मचाऱ्यांच्या यादीत असतात. आठवड्यातले किती दिवस, हे तिथे लिहिलेलं नसतं. ०.४ एफटीई (पूर्णवेळ पदाचा ०.४ हिस्सा) म्हणजे पाचातले दोनच दिवस. पॅनिक अटॅक वार बघून येत नाही, तेव्हा उरलेल्या तीन दिवशी जबाबदारी कुणाची, हे नावानिशी विचारावं. करोनाकाळातला केंद्राचा निधी कशावर खर्चायचा हे बांधून ठेवण्याची शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०२४ला संपली. त्या पैशावर नेमलेली पदं आता नियमित बजेटमध्ये आली की गळाली, याचं उत्तर स्कूल बोर्डाच्या बजेट कागदपत्रांत सापडतं, आणि ती सगळ्यांना खुली असतात.

रिकाम्या जागांवर नजर ठेवा. यादीत नाव आहे, पण वर्गात ऑक्टोबरपासून दीर्घकालीन सबस्टिट्यूट (बदली शिक्षक), हा प्रकार गणित आणि विज्ञानात होतो. २०१५च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याच्या रिपोर्ट कार्डात अननुभवी आणि तात्पुरत्या परवान्यावर शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण द्यावं लागतं. चाचणीचे गुण बघून पान बंद करण्याआधी तेवढं खाली जाऊन बघावं.

एक सोय फार थोडे पालक वापरतात. आजी-आजोबा पालक म्हणून भेटीला जात असतील आणि इंग्रजी जड जात असेल, तर शाळेने दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो, फोनवर का होईना. मुलालाच दुभाषा म्हणून बसवणं योग्य धरलं जात नाही. दोन 'एफ'चं, म्हणजे नापासाच्या शेऱ्यांचं, भाषांतर कसं होईल, हे सांगायला नकोच. मराठीचा दुभाषा ऐनवेळी मिळत नाही, त्यामुळे भेट ठरवतानाच कळवा.

पुढच्या वर्षाचे सेक्शन साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये विषयनिवडीच्या फॉर्मवरून ठरतात. ऑगस्टमध्ये तक्रार नेली तर फार तर मूल एका भरलेल्या वर्गातून दुसऱ्या भरलेल्या वर्गात जाईल.