नऊ आकृत्यांचा तक्ता: शरीरप्रतिमा मोजण्याचे एक साधन

समुपदेशनात शरीरप्रतिमा, म्हणजे आपल्या शरीराकडे पाहण्याची व्यक्तीची स्वतःची नजर, जोखण्यासाठी मी सर्वांत आधी वापरते तो स्थूलतेचे अभ्यासक अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला आकृत्यांचा तक्ता. अतिकृश बांध्यापासून अतिस्थूल बांध्यापर्यंत क्रमाने काढलेल्या नऊ रेखाकृती, स्त्रियांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या, एवढाच त्याचा पसारा आहे. समोरच्या व्यक्तीने आधी स्वतःच्या आजच्या बांध्याची आकृती निवडायची आणि मग हव्याशा वाटणाऱ्या बांध्याची. दोन्ही क्रमांकांतले अंतर हे असमाधानाचे माप मानले जाते.

काही मिनिटांत काम होते, आणि ज्यांना आपल्या शरीराविषयी बोलताना शब्द सुचत नाहीत त्यांनाही चित्रावर बोट ठेवता येते, हा त्याचा खरा गुण. ते बोट पाचव्या आणि सहाव्या आकृतीमध्ये घुटमळते तेव्हा पुढच्या संभाषणाचा धागा मला तिथेच मिळतो. दोषही तिथेच आहे: मधली आकृती तक्त्यात नसल्याने बारीक फरक सुटून जातात. शिवाय आकृत्या चढत्या क्रमाने असल्यामुळे दुसऱ्या वेळी मागचा क्रमांक आठवतो आणि उत्तर आहे त्याहून स्थिर भासते. पीळदार शरीर हवे असलेल्या तरुणाला तर येथे आपले चित्र सापडतच नाही, कारण चरबी आणि स्नायू यांत ही रेखाटने भेद करत नाहीत. डेन्मार्कमधील दत्तक-नोंदींच्या आधारे स्थूलतेची आनुवंशिकता तपासणाऱ्या संशोधनातून हा तक्ता आला, हे ध्यानात घेतले की त्या मर्यादेचे नवल वाटत नाही.

मला अधिक खटकते ते निराळेच. चुकीची आकृती निवडणाऱ्याची नजर चुकते की मन खट्टू आहे, हे तक्ता सांगत नाही. स्लेड आणि रसेल या संशोधकांनी १९७३ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराच्या) रुग्णांना शरीराच्या रुंदीचा अंदाज करायला सांगितला, तेव्हा त्यांनी स्वतःची रुंदी जास्त सांगितली, मात्र निर्जीव वस्तूंचे अंदाज बरेच अचूक केले. प्रत्यक्ष मोजमाप हाताशी असल्यामुळेच हा भेद दिसला. नुसत्या दोन क्रमांकांतून तो काढू पाहणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून जोडीला १९८७ ची शरीराकार प्रश्नावली ठेवावी. गेल्या चार आठवड्यांविषयीचे ३४ प्रश्न, प्रत्येकी १ ते ६ गुण, बेरीज ३४ ते २०४. त्यात लठ्ठपणाच्या धास्तीवर भर असल्याने शेवटी मी २०१५ ची सुधारित दहा विधानांची शरीर-आदर श्रेणी देते, कारण आपल्या शरीराबद्दल काय आवडते, काय जपावेसे वाटते, हे आधीच्या दोन्ही साधनांनी विचारलेलेच नसते.