कोर्टात जाऊ की लॉ शिकवू? घरात कोणी वकील नसलेल्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजारात भेटलं की कोणी ना कोणी विचारतंच, ताई एलएलबी तर झालं, आता कोर्ट की एलएलएम करून नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा? ज्यांचे काका-मामा वकील आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून हे बाकीच्यांसाठी, म्हणजे घरातले पहिले, मुली, एससी-एसटी-ओबीसी, दिव्यांग.

कोर्टात शिरणं स्वस्त आहे. 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वकिलीच्या सनदेची फी 750, एससी-एसटीला 125, मग बारची परीक्षा, झालं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. बार कौन्सिलने शहरातल्या ज्युनियरला महिना 20000 द्या असं 2024 मध्येच सुचवलंय, पण नुसतं सुचवलंय. मी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात पहिलं वर्ष काढलं तेव्हा सिनियर दिवाळीला एक पाकीट द्यायचे, बस, आणि चांगल्या फाइली त्यांच्या भाच्याच्या टेबलावर जायच्या. पक्षकार आडनाव विचारूनच बसतो हेही तिथेच कळलं. एक मात्र आहे, खालच्या कोर्टाचं काम गुजरातीत चालतं, त्यामुळे आपल्यातली गुजराती मिडियमची पोरं तिथे तरतात.

शिकवण्याच्या बाजूला दारावर निदान परीक्षा आहे, ओळख नाही. नेटचा पेपर 150 प्रश्न, 300 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण पेपर इंग्रजी-हिंदीतच, गुजराती विसरा. नेटसाठी एलएलएममध्ये 55 टक्के लागतात, राखीव गटांना आणि दिव्यांगांना 50. जेआरएफ, म्हणजे नेटमधूनच मिळणारी संशोधनाची फेलोशिप, तिची वयोमर्यादा 30, ती मुलींना आणि राखीव गटांना 5 वर्षं वाढवून मिळते, आणि असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला वयाची अटच नाही, म्हणजे लग्न-बाळंतपणात मधली वर्षं गेलेल्या बाईलाही हा रस्ता उघडा राहतो. जेआरएफ लागली तर महिना 37000 आणि वर घरभाडं, पीएचडी करता करता. माझ्या घरी इतका पगार तोवर कोणी पाहिला नव्हता.

पण पर्मनंट जागा कुठेत? सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचा बेसिक 57700 हे खरं, पण तिथवर पोचायच्या आधी व्हिजिटिंग म्हणून तासावर पैसे, सुट्टीत शून्य, किंवा ग्रांटेड, म्हणजे सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात अध्यापक सहायक म्हणून पाच वर्षं फिक्स पगार. यात बरेच जण थकून सोडतात आणि मग वर्गात फळ्यासमोर तेच ते चेहरे राहतात. 1917 मध्ये आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले तर इथे कोणी खोली देईना, आणि तेच 1935 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. तरीपण आपल्या वर्गात अॅट्रॉसिटी अॅक्ट शिकवणारा त्यातलं काही स्वतः भोगलेला असा मला एकदाही भेटला नाही.

माझं मत विचाराल तर नेट द्या, पण सनद आधी काढून ठेवा. 1979 च्या नियमांप्रमाणे वकील दिवसाला तीन तासांपर्यंत लॉ शिकवू शकतो, वकिली न सोडता. फुलटाइम नोकरी घेतली की मात्र प्रॅक्टिस बंद.

आणि हो, आपल्या मराठी लोकांची खास गोची. जातीचा दाखला महाराष्ट्रातला असेल तर नेट आणि सेंट्रलच्या जागांना चालतो, गुजरात सरकारच्या राखीव जागेला साधारण चालत नाही. आजोबा 1950 च्या आधीपासून बडोद्यात असतील तर इथल्या दाखल्यासाठी त्यांचे शाळेचे, घराचे कागद आत्ताच शोधायला घ्या, जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत ते होत नाही.