गिर्यारोहकाचं पुस्तक: त्याने स्वतः लिहिलेलं की दुसऱ्याने?

एखाद्या गिर्यारोहकाबद्दल एकच पुस्तक घ्यायचं, तर आत्मकथन घ्यावं की चरित्र, हा घोळ मी बरीच वर्षं घातला. आता माझ्या कपाटात चरित्रं जास्त आहेत.

थरार हवा तर आत्मकथनाला तोड नाही. १९५३ साली नंगा पर्वताचा माथा एकट्याने गाठून उतरताना हेरमान बुहलने जवळजवळ ८,००० मीटरवर, अरुंद खडकावर उभ्यानेच रात्र काढली. ती त्याच्याच तोंडून ऐकावी. चरित्रकार तिथे नव्हता, हे लगेच जाणवतं. शिवाय काही चरित्रकार थेट आजोबांपासून सुरुवात करतात. डोंगर दिसेपर्यंत मला डुलकी लागलेली असते.

तरीही आत्मकथनातली एक गोष्ट मला सतत खटकली. दोराला दोन टोकं असतात, बोलतं मात्र एकच. हिमालयातल्या अन्नपूर्णा शिखराचंच घ्या. ३ जून १९५० ला फ्रेंच मोहिमेचा नेता मॉरिस एर्झोग आणि त्याचा सोबती लुई लाशनाल माथ्यावर पोहोचले. आठ हजार मीटरवरचं माणसाने गाठलेलं ते पहिलं शिखर. नेत्याने सांगितलेली हकीकत वाचून मी भारावून गेलो होतो. बाकीच्यांनी पाच वर्षं काही छापायचं नाही असा करार होता, हे फार नंतर कळलं आणि जरा फसल्यासारखं वाटलं. लाशनालच्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये आल्या, त्याही कातरून. पूर्ण छापल्या गेल्या १९९६ मध्ये. त्याला पाय गोठताना कळत होतं, परत फिरायचं होतं. पण एर्झोग एकटा पुढे गेला तर परत येणार नाही, म्हणून तो वर गेला. त्याच्या लेखी तो देशाच्या इभ्रतीचा प्रश्न नव्हता, सोबत्याचा होता. पायाची बोटं त्यात गेली.

चांगला चरित्रकार अशा दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो. सगळेच ठेवतात असं नाही. काही जण नायकाचे भाट होतात. (तेनसिंगची गोष्ट मधलीच. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याने सांगितलं आणि दुसऱ्याने लिहिलं. एव्हरेस्टवर हिलरी काही पावलं आधी पोहोचला, हे त्याने त्या पुस्तकातच मोकळेपणाने सांगून टाकलं.)

एखाद्या गिर्यारोहकाबद्दल पहिल्यांदाच वाचणार असाल, तर कदाचित आत्मकथनच बरं पडेल. मोहिमेची गोष्ट आधीच माहीत असेल, तर मी चरित्र घेईन. घेण्याआधी शेवटची नामसूची उघडून बघा: सोबत्यांची आणि शेर्पांची नावं किती पानांवर येतात?