फेल्को २ कात्री: अठ्ठावीस छाटण्यांनंतर

२००९ साली पिंपळगाव बसवंतजवळच्या मळ्यात आम्ही दोन एकर डॉगरिज, म्हणजे द्राक्षाचा खुंट, लावून त्यावर थॉमसन या द्राक्षवाणाचं कलम भरलं. त्याच वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ही कात्री आणली. तीन हजारांच्या आसपास पडली होती. कात्रीला एवढे पैसे घातले म्हणून सासूबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाग काढली. कात्री चालू आहे.

आधीची कात्री स्वस्तातली होती, रिबिट मारलेली. ऐन छाटणीत तिची स्प्रिंग उडाली ती उडालीच, वेगळी मिळेना. धारेला काही झालं नव्हतं, तरी भंगारात गेली. या स्विस कात्रीचं मात्र सगळं खोलता येतं: पातं, स्प्रिंग, मधला नट, आपटणारं रबर. हे मॉडेल १९४८ पासूनचं आहे. वजन २४० ग्रॅम, अंगठ्याएवढी काडी, म्हणजे २५ मिलिमीटरपर्यंत, एका दाबात कापते. पात्याच्या बुडाशी बारीक तार तोडायला खाच आहे. तिचा उपयोग मला दोन वर्षांनी कळला.

एकरी साडेनऊशे वेली, वेलीला तीस-पस्तीस काड्या. एका गोडी छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीत, एकराला तीस हजारांवर काप होतात. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची टोळी असायची, पण चार ओळी अण्णा स्वतः छाटायचे. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हापासून कात्री माझ्याकडे आहे. मी सहा पाती बदलली, स्प्रिंगा मोजल्या नाहीत. अण्णांच्या हातातलं आता फक्त मुठींचं ॲल्युमिनियम उरलंय, लाल रंग अंगठ्यापाशी उडालेला. तरी मी तिला अण्णांचीच कात्री म्हणते आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही. वेलीचं तरी काय? मूळ एका जातीचं, वरचं कलम दुसऱ्या जातीचं, काडी दर वर्षी नवी. पंधरा वर्षं टिकतं ते खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या.

मग बाग का काढली? स्लोव्हेनियात मारिबोर शहरात चारशे वर्षांवरची द्राक्षवेल आहे, अजून घड धरते. प्रजाती आपल्या थॉमसनचीच, व्हिटिस व्हिनिफेरा. पण तिला हिवाळ्यात झोप मिळते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. एप्रिलला खरड, म्हणजे नव्या काडीसाठीची छाटणी, ऑक्टोबरला गोडी, वर्षात दोनदा आपल्या वेलीला फुटायला लावायचं. शेवटच्या तीन वर्षांत काडीवरचे डोळे मागे-पुढे फुटायला लागले, मालातून खर्च निघेना. वेल मेली नव्हती, हिशेब संपला होता. जेसीबीनं खोडं उपटली तेव्हा बऱ्याच मुळ्या आतून पांढऱ्या, ओल्या होत्या. ते बघून मला जेवण गेलं नाही.

आता कात्रीच्या तक्रारी. लहान हाताला ती जड आणि रुंद आहे. दुपारनंतर माझं मनगट दुखतं. डावखुऱ्यांना ही चालणार नाही, त्यांच्यासाठी ९ नंबर येतो. सुटे भाग आमच्याकडच्या दुकानांत मिळाले नाहीत, ऑनलाईन मागवावे लागतात, तेव्हा छाटणीच्या महिनाभर आधी पातं घेऊन ठेवा. रोज संध्याकाळी चीक पुसून तेलाचा थेंब द्या, नाहीतर मधला नट जाम होतो. स्वतः छाटणी करणार असाल तर जरूर घ्या. वर्षातून दोन दिवस वापरणाऱ्याला साधी पुरेल.

विहिरीजवळची एक वेल मी जेसीबीवाल्याला सोडायला लावली होती. परवा तिची छाटणी केली. काप जरा चेंगरून यायला लागलाय. एका वेलीसाठी नवं पातं कशाला, मुलगा म्हणाला. मी मागवलं.