राइडच्या फीमधला विमा खोटा निघाला

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागातली जी पोरं रविवारी ग्रुप करून मोटारसायकलवर चोर्ला, तिलारी, आंबोलीला जातात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. राइडला माझा अजिबात विरोध नाही. पाऊस ओसरल्यावर जांबोटीच्या पुढं ते हिरवं रान, धुकं आणि वळणांचा रस्ता काय असतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. राग आहे तो त्या आनंदात खोटा कागद घुसडून पैसे काढणाऱ्यांवर.

गणपती झाल्यावर व्हॉट्सअपवर एक पोस्टर फिरत आलं. एका दिवसाची राइड : बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, परत फिरून खानापूरमार्गे नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आणि शेवटी हलशीचं कदंबकालीन मंदिर. फी माणशी १,८०० रुपये. त्यात नाष्टा, जेवण, टी-शर्ट, मागून येणारा बॅकअप टेम्पो, टेम्पोत मेकॅनिक आणि औषधपेटी, ‘फॉरेस्ट परमिशन’, आणि सगळ्यात ठळक अक्षरात, गाडी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला ५ लाखांचा अपघात विमा, शिवाय दवाखान्याचा ५० हजारांपर्यंतचा खर्च.

माझा भाचा मूळ खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. ताई त्याला परवानगी देईना. त्याने विम्याची ती ओळ दाखवली, कंपनीच्या लोगोचं प्रमाणपत्र येणार म्हणून सांगितलं, तेव्हा ती तयार झाली. अठरा-वीस वर्षांची पोरं विमा बघून पैसे भरत नाहीत. ती ओळ आईबापांसाठीच लिहिलेली असते, आणि ती खोटी असली तरी राइड सुखरूप संपली की कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या आधी असे किती रविवार त्या माणसाने काढले असतील, देव जाणे.

‘फॉरेस्ट परमिशन’चंही तसंच. बेळगाव-पणजी हा रस्ता रात्रंदिवस वाहता आहे, त्यावरून गाडी न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आयोजक फीचा हिशेब सांगताना अशी एखादी बिनकामाची बाब घालत असेल, तर बाकीच्या बाबींकडेही संशयाने बघायला हवं.

भाच्याकडे स्वतःची गाडी नाही. आयोजकानेच ९०० रुपये भाड्याने एक मोटारसायकल दिली आणि डिपॉझिट म्हणून त्याचं अस्सल लायसन्स ठेवून घेतलं. गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची प्लेट काळी असते, त्यावर पिवळी अक्षरं असतात. गोव्यात गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. पांढऱ्या प्लेटची गाडी घरगुती वापराची. ती भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पॉलिसीच्या अटी मोडल्या म्हणून हात वर करू शकते. म्हणजे राइडचा विमा खोटा आणि गाडीचाही बिनभरवशाचा, अशा स्थितीत ती पोरं घाटाकडे निघाली होती.

कणकुंबी सोडल्यावर एका वळणावर ट्रकच्या चाकांनी लाल चिखल रस्त्यावर आणला होता. पुढचा ब्रेक लागला, गाडी आडवी झाली. मागे बसलेल्या मित्राचा गुडघा सोलवटला. भाच्याचं गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. तिथं मोबाइलला रेंज नाही. एक पोरगा मागे कणकुंबीपर्यंत गेला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. ‘येतोय, जवळच हाय’ एवढं एकदा उत्तर मिळालं, मग फोन बंद. भाच्याला रेंजमध्ये आणल्यावर त्याचा मला फोन आला, “मामा, टेम्पो येतोय म्हणत्यात, पण येईना झालाय.” तो येणारच नव्हता. टेम्पो नाष्टा पुरवणाऱ्याचा होता. भांडी भरून तो जांबोटीहूनच माघारी गेला होता. मेकॅनिक आणि औषधपेटी कुणी बघितलीच नव्हती. तिथल्याच एका गावकऱ्याने आपल्या पिकअपमध्ये दोघांना घालून खानापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्या माणसाचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

बेळगावला आणल्यावर ऑपरेशन करून प्लेट घालायचं ठरलं. विम्याच्या खिडकीवर मी मोबाइलमधलं प्रमाणपत्र दाखवलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला, परत टाकला, आणि म्हणाली, “काका, हा नंबर येत नाहीये. कंपनीला विचारून घ्या.” कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर उत्तर मिळालं की या क्रमांकाची अपघात विम्याची कुठलीच पॉलिसी आमच्याकडे नाही. ८० हजारांच्या वर गेलेलं बिल ताईने सोनं ठेवून भरलं.

त्या संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मी भाच्याचं आणि त्याच्या मित्राचं प्रमाणपत्र दोन मोबाइलवर शेजारी-शेजारी धरून बघितलं. पॉलिसी क्रमांक दोन्हींवर एक. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ग्रुप पॉलिसीत मुख्य क्रमांक सगळ्यांना एकच असू शकतो. पण प्रत्येक सदस्याच्या प्रमाणपत्राचा स्वतःचा क्रमांक वेगळा असायला हवा. इथं तोही शेवटच्या आकड्यापर्यंत एक होता. नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड आणि ओळीच्या थोडी वर बसलेली. वारसाचं नाव कोरं. क्यूआर कोड स्कॅन केला तर पॉलिसी दिसत नव्हती, कंपनीच्या वेबसाइटचं पहिलं पान उघडत होतं. विमा नियामकाकडे नोंद झालेल्या प्रत्येक योजनेला यूआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो कागदावर कुठंच नव्हता. कुणाच्या तरी जुन्या कागदावर नावं बदलून बदलून ही सगळी प्रमाणपत्रं छापली होती.

आयोजकाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, “क्लेम प्रोसेसमध्ये आहे, ४५ दिवस लागतात.” मग म्हणाला की विमा एजंटने त्यालाच फसवलं. एजंटचं नाव विचारल्यावर फोन उचलणं बंद. दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला : गाडीचं नुकसान १४ हजार, ते भरल्याशिवाय लायसन्स मिळणार नाही. पोरगं दवाखान्यात पडलंय आणि हा माणूस टाकी-हँडलचा हिशेब पाठवतो. ताईने तो मेसेज वाचला तेव्हाचा तिचा चेहरा आठवला की अजून हात थरथरतात.

अस्सल लायसन्स कुणाकडेही गहाण टाकू नका. डिजीलॉकर किंवा एमपरिवाहनमधलं लायसन्स रस्त्यावर कायद्याने चालतं, त्यामुळे ‘ओरिजिनल ठेवा’ म्हणणाऱ्याचा हेतू नंतर अडवण्याचाच असतो.

पुरावे गोळा करायला बसलो तर ग्रुपमधले जुने मेसेज गायब. त्या ग्रुपवर चोवीस तासांनी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय पहिल्यापासून चालू ठेवलेली होती. पोस्टर, फीचा तपशील, ‘सगळ्यांचा विमा उतरवला आहे’ हे त्याचं वाक्य, काहीच उरलं नव्हतं. एका पोराने घरी दाखवायला पोस्टरचा स्क्रीनशॉट काढला होता, तो आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये प्रमाणपत्र उतरवलेलं होतं ते, एवढ्यावर आमचं भागलं. राइडच्या ग्रुपमध्ये ही सोय चालू दिसली तर त्याच दिवशी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. यूपीआयने पैसे भरताना स्क्रीनवर कुणाचं नाव येतं तेही बघा. आमच्या पोरांनी ज्या खात्यात पैसे भरले त्यावर आयोजकाचं नाव नव्हतं, भलत्याच बाईचं होतं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मिळतो. तक्रारीत तोच मागतात.

आता आपल्या सीमाभागाची खरी अडचण. पोरं बेळगाव-खानापूरची, आयोजकाने दिलेला पत्ता कोल्हापूरकडचा, खातं गोव्यातल्या शाखेचं, अपघात खानापूर तालुक्यात. तीन राज्यांत पाय ठेवून धंदा करणाऱ्याला हे सोयीचंच आहे. पोलिसांत गेलो तर पहिल्यांदा ‘आमच्या हद्दीत येत नाही’, नंतर ‘पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जावा’ असं ऐकावं लागलं. तक्रार कन्नडमध्ये हवी होती. आमच्या शेजारी निवृत्त कन्नड मास्तर राहतात. त्यांनी रात्री बसून माझ्या मराठी मजकुरावरून स्वच्छ कन्नड अर्ज लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सोबत आले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो. याला झिरो एफआयआर म्हणतात. अर्जात हे कलम लिहिल्यावर हद्दीचा विषय मागे पडला. ‘व्यवहाराचा वाद’ मात्र तेवढ्याने मिटला नाही. तो मिटला विमा कंपनीच्या ई-मेलमुळे. फोनवरच्या उत्तरावर न थांबता मी प्रमाणपत्राची प्रत जोडून कंपनीला लेखी विचारलं, आणि त्यांचं लेखी उत्तर आलं की हा कागद आम्ही दिलेला नाही. ते पत्र समोर ठेवल्यावर गोष्ट उधार-उसनवारीची राहिली नाही, बनावट दस्तऐवजाची झाली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८, बनावट दस्तऐवज करायला ३३६ आणि तो खरा म्हणून वापरायला ३४० आहे. अशा प्रकरणात कुणी अडकलं तर सगळ्यात आधी कंपनीकडून हे लेखी उत्तर मिळवा. माझ्या मते सगळी तक्रार त्याच एका कागदावर उभी राहते.

पैसे नुकतेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे ते पुढं सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता असते. ग्राहक म्हणूनही दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, समोरचा कोल्हापूरचा असो की पणजीचा, आणि एवढ्या लहान रकमेच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आम्ही बेळगावात तशी तक्रार दाखल केली आहे.

विम्याबद्दल आणखी थोडं, कारण यात भलेभले गोंधळतात. मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं, ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन त्यात बसत नाही, आणि मागे बसणारा तर नाहीच. त्यामुळे राइडवाला ‘दवाखान्याचा खर्च मिळेल’ म्हणाला तर प्रमाणपत्र किमान दोन दिवस आधी मागा आणि कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून नंबर घेऊन स्वतः फोन करा. कागदावर छापलेल्या नंबरवर करू नका, तोही त्याचाच असू शकतो. रस्त्यावर अपघात झालाच तर ११२ वर खबर द्या. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचार मिळतात, पण पोलिसांकडे अपघाताची नोंद असावी लागते.

भाच्याचा हात आता खांद्यापर्यंत वर जातो. लायसन्स अजून त्या माणसाकडेच आहे, डुप्लिकेटसाठी अर्ज केलाय. गुन्हा नोंदवला गेलाय, अटक झालेली नाही. दरम्यान त्याच रंगाचं, त्याच मांडणीचं, फक्त ग्रुपचं नाव बदललेलं एक पोस्टर परवा निपाणीतल्या ओळखीच्या पोराने मला पाठवलं. या वेळी गोकाक धबधबा आणि हिडकल धरण, फी २,००० आणि विमा १० लाखांचा. पैसे भरायचा क्यूआर तोच आहे. ज्यांनी भरलेत त्यांनी आज बँकेला कळवावं, १९३० वर तक्रार द्यावी आणि पोस्टर जपून ठेवावं.