नानांचं दुकान, घ्यायचं अन् द्यायचं माप एकच

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस माहेरी राहिले आणि त्यातले निदान सात दिवस तरी या ना त्या कारणाने नानांच्या दुकानात जाणं झालं, म्हणून म्हटलं या दुकानाबद्दल कोणीतरी नीट लिहायला पाहिजे, गावातले लोक काही लिहिणार नाहीत कारण त्यांना त्यात विशेष काही वाटतच नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते खाली लिहिते.

अमळनेर तालुक्यात तापीच्या बाजूला आमचं गाव. काळी जमीन, कापूस आणि दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. गावात शिरलं की मारुतीचा पार, पाराला लागून जुनी चावडी आणि चावडीच्या समोर हे दुकान. पाटी नाहीये, कधीच नव्हती. आता गादीवर बसतो तो नानांचा नातू, पस्तिशीचा असेल, पण लोक त्यालाही नानाच म्हणायला लागलेत. मी ओट्यावर पाय ठेवला तसं, "कव्हय उनी वं ताई? बठ," (कधी आलीस, बस) असं आमच्या अहिराणीत म्हणाला आणि आतून चहा मागवला. मी काय घ्यायला आले ते नंतर विचारलं.

आधी मालाबद्दल. दादर चांगली होती, पांढरीशुभ्र, गावच्याच शेतातली, कोणाच्या शेतातली तेही सांगतो. कळण्याचं पीठ तयार मिळतं, ज्वारीत उडीद योग्य पडलेला, भाकरी थापताना चिरत नाही, मी तीन किलो आणलं. काळ्या मसाल्याचं सगळं सामान सुटं मिळतं, दगडफूल, रामपत्री, नागकेशर, आणि किती मिरचीला किती दगडफूल हे न विचारता सांगतो. शेंगदाणा तेल घाण्याचं आहे पण महाग आहे. ढेप, सरकी, कासरे, मोरक्या, पोळ्याच्या आधी गेरू, हिंगूळ, बेगड, गोंडे, सगळं एकाच ठिकाणी. माझ्या लहानपणी याच फळीवर ७८७ चा कपडे धुवायचा साबण आणि सनफ्लॉवर वनस्पती तुपाचा डबा असायचा, दोन्ही आपल्या अमळनेरच्या कारखान्यातले, तो कारखाना १९४५ सालचा आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. आम्ही त्या वनस्पतीलाही डालडाच म्हणायचो.

पण माल चांगला मिळणारी दुकानं पुष्कळ आहेत. मला जे सांगायचंय ते मापाबद्दल.

ज्यांनी जुना काळ बघितलाय त्यांना माहितीये की गावातला शेतकरी दुकानात नुसता घ्यायला जात नव्हता, द्यायलाही जायचा. रोकड कुठे होती घरात? दादर न्यायची, तूर न्यायची, कापूस न्यायचा आणि त्या बदल्यात मीठ, गूळ, रॉकेल, कंदिलाची काच आणायची. तेव्हा पायली, शेर, मापटं, चिपटं चालायचं, चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं. आणि लुबाडणूक व्हायची ती इथेच. माझ्या आजोळच्या गावी एक दुकानदार होता, नाव घेत नाही, तो आपलं धान्य घेताना मापाला शीग लावून घ्यायचा, अगदी ओघळेपर्यंत, आणि आपल्याला देताना हाताने सपाट करून द्यायचा. माप तेच, पण घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, म्हणजे दर पायलीमागे मूठ-दोन मुठी त्याच्या घरात. माझ्या आजीने हे आयुष्यभर सहन केलं कारण दुसरं दुकान चार कोसावर होतं.

आमच्या नानांनी, म्हणजे थोरल्या नानांनी, एक लाकडाची पट्टी ठेवली होती. घेताना पण ती पट्टी मापावरून फिरवायची आणि देताना पण तीच फिरवायची. बस एवढंच. पण या एका पट्टीमुळे आजूबाजूच्या तीन गावचे लोक चालत इथे यायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती पट्टी अजून दुकानात आहे, गल्ल्याच्या मागे खिळ्याला टांगलेली, मधोमध झिजून खोलगट झालीये.

वडील सांगायचे की १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोची वजनं आली तेव्हा लोकांचा फार गोंधळ उडाला होता. सोळा आण्यांचा रुपया एकदम शंभर पैशांचा झाला. शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, किलो त्याहून मोठा, मग भाव किती वाढला पाहिजे हे बायकांना कोण सांगणार. नानांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, शेराला इतकं तर किलोला इतकं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना जुन्या शेराने मोजून दाखवायचे आणि मग तेच किलोच्या काट्यावर घालून दाखवायचे. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याचं तोंड गिऱ्हाईकाकडे केलेलं असतं. मी घरी येऊन दादर परत मोजली, पाच किलोला वीस ग्रॅम जास्तच भरली.

दुसरी गोष्ट उधारीची. आमच्याकडे शेतकऱ्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आखाजीला सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, त्या दिवशी ठरतो, जुना सुटतो, नवा लागतो, रोख किती, धान्य किती, कपडे-जोडे किती हे त्या दिवशी बोललं जातं. उधारीचा हिशेब पण तसाच पिकाबरोबर चालायचा, कापूस विकला की एक हप्ता, दादर निघाली की दुसरा, आणि आखाजीपर्यंत वही मोकळी. १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, त्यानंतर लोक चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात पडला की आधी नानांकडे यायचे. त्याच वर्षीच्या दुष्काळात अर्धं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर होतं, पोरांना सुकडी मिळायची, तेव्हा नानांनी मीठ-मिरची-रॉकेलची उधारी कोणाचीच बंद केली नाही. तेलाची केली होती, हे पण खरं, तेल त्यांनाच मिळत नव्हतं.

आणि नाना काही देवमाणूस होते असं मी लिहिणार नाही. पेरणीला दादरीचं बी दिलं की सुगीला सवाईने परत घ्यायचे, म्हणजे चार पायल्या नेल्या की पाच आणून द्यायच्या. दुसरे दिढीने घेत होते, चाराच्या सहा, म्हणून लोकांना नाना बरे वाटायचे. पण सवाई पण जडच होती, माझ्या वडिलांनी दोन वर्षं भरलीये, मला आठवतंय खळ्यावरून पोतं परस्पर दुकानात गेलं होतं आणि आई दिवसभर कोणाशी बोलली नाही. नातवाला मी हे सांगितलं, तो शांतपणे ऐकून म्हणाला की त्याच्या वडिलांनी ती पद्धत बंद केली आणि आता बी कोणी दुकानातून नेत नाही. ठीक आहे.

मात्र एका बाबतीत नानांनी सवाई कधी लावली नाही आणि ती म्हणजे सारा. हे नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. तेव्हा घरात सगळं धान्यावर चालायचं, सुताराला, लोहाराला, न्हाव्याला खळ्यावर बलुतं दिलं की वर्षाचं काम झालं. रोख रुपया लागायचा तो फक्त अशा ठिकाणी जिथे धान्य चालत नाही, म्हणजे शेतसारा, ग्रामपंचायतीची घरपट्टी, शाळेची फी आणि एसटीचं तिकीट. आजोबांच्या काळात सारा पाटील-कुळकर्णी गोळा करायचे, पुढे कुळकर्णी वतनं गेली आणि १ जानेवारी १९६३ पासून वतनी पाटीलकी पण गेली, मग तलाठी चावडीत येऊन बसायचे. आदल्या संध्याकाळी कोतवाल दवंडी पिटायचा आणि ती ऐकली की लोकांचे पाय नानांच्या ओट्याकडे वळायचे, कारण तलाठ्याला ज्वारीचं पोतं देऊन भागत नाही. नाना त्या दिवसाच्या भावाने धान्य घेऊन रोख द्यायचे, आणि ज्याच्याकडे धान्य पण नाही त्याला नुसते पैसे द्यायचे, वहीत बाजूला "सारा" असं लिहून. सारा या शब्दाखाली लिहिलेल्या रकमेवर व्याज नाही, सवाई नाही, जेवढे नेले तेवढे परत. वडिलांनी एकदा त्यांना विचारलं होतं का असं, तर म्हणाले की सरकारचं देणं थकलं तर तुझ्या बैलांवर जप्ती येईल, आणि बैल गेले तर माझी बाकीची उधारी कोण फेडेल. मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात खोटा मोठेपणा नाही.

आता पण ते काम वेगळ्या तऱ्हेने चालू आहे. म्हाताऱ्या एकट्या बायका आहेत गावात, पोरं सुरतला, पुण्याला. त्यांची घरपट्टी-पाणीपट्टी नातूच ग्रामपंचायतीत जाऊन भरतो आणि पावती त्यांच्या हातात आणून देतो. दुकानाच्या स्वतःच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्यात, खालच्या पिवळ्या पडल्यात, वर्ष चुकलेलं नाही. डिजिटल सहीचा सातबारा पाहिजे असेल तर काढून देतो, सरकारी फी १५ रुपये तेवढीच घेतो आणि प्रिंटचे ५. मी आमच्या जमिनीचा काढला, दहा मिनिटांत झाला. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते तशी इथे पण लागते आणि खरं सांगायचं तर लोक इथलीच वाचतात.

आता तक्रारी. दुकानात उजेड नाही, दुपारी पण मोबाइलचा टॉर्च लावून तारीख वाचावी लागते, आणि तारीख वाचाच, मला बिस्किटाचे दोन पुडे मुदत संपलेले निघाले. लगेच बदलून दिले, चूक कबूल केली, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दिसलं असतं का? हे त्याने सुधारलं पाहिजे, मी तोंडावर सांगितलंय. तुरीची डाळ यावेळी शिजायला वेळ लागली. क्यूआर आहे पण रेंज नसते, सुटे पैसे ठेवा. या सगळ्याचा मिळून तो अर्धा स्टार.

निघायच्या आदल्या दिवशी मी जुन्या वह्या बघायला मागितल्या. माळ्यावर ट्रंकेत आहेत, लाल कापडात बांधलेल्या, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातलेला. त्यात दोन गोष्टी बघून मी बराच वेळ तिथेच बसले. एक म्हणजे सालदारांची खाती सालदारांच्याच नावाने आहेत, मालकाच्या पानात नाहीत. तेव्हा बहुतेक ठिकाणी सालदार काय घेतो ते मालकाच्या खात्यात चढायचं आणि वर्षाच्या शेवटी मालक सांगेल तो हिशेब. इथे वेगळं पान, आणि शेवटी अंगठा.

दुसरी म्हणजे एक पातळ वही, वेगळी ठेवलेली. बायकांची. कापूस वेचायला गेल्या की येताना पदरात ओंजळभर कापूस घेऊन दुकानात यायच्या, घरच्या माणसांना न सांगता, त्या बदल्यात पोरांना गोळ्या, स्वतःला बांगड्या, कधी माहेरच्या भाड्याला पैसे. सगळ्या गावात हे चालायचं आणि सगळीकडे त्यांना मातीमोल भाव मिळायचा, कारण तक्रार कोणाकडे करणार. या वहीत तोच भाव लावलाय जो पुरुषांच्या वहीत त्या तारखेला आहे, मी चार ठिकाणी ताडून बघितला. नावं लिहिलेली नाहीत, अमक्याची माय, तमक्याची माय असं लिहिलंय, म्हणजे नवऱ्याने वही उघडली तरी पटकन कळू नये. माझ्या थोरल्या भावाच्या नावाची माय, म्हणजे माझी आई, पण होती त्यात. शेवटच्या ओळीत ३ रुपये ४० पैसे जमा.

मी म्हटलं जाऊ दे, आई जाऊन अकरा वर्षं झाली. तो म्हणाला, "वहीमा जमा शे ताई, मंग देनंच पडी." (वहीत जमा आहे, मग द्यावंच लागेल.) गुळाचा खडा कागदात बांधून दिला, पेन घेऊन त्या ओळीवर काट मारली आणि बाजूला तारीख टाकली.

जाणार असाल तर सकाळी आठ ते एक आणि चारनंतर उघडं असतं. सकाळी भवानी व्हायच्या आत उधारीचं बोलू नका, त्यांना आवडत नाही. कापडी पिशवी घेऊन जा. दादर घ्यायची असेल तर मार्चनंतर नवी येते, आधी मूठभर घेऊन दाताखाली फोडून बघा, तो काही म्हणत नाही.