आरसी की कोअर: युकॉनच्या गोठलेल्या जमिनीत

सोन्याच्या शोधात मातीचे नमुने झाले, खंदकही खणून झाले, आता खोल भोक पाडायचं म्हटलं की पहिला वाद यावरच होतो: आरसी (रिव्हर्स सर्क्युलेशन, म्हणजे खडकाचा चुरा करून तो दाबाच्या हवेनं वर आणणं) की कोअर (खडकाचा सलग दंडगोल कापून काढणं)? कॅनडातल्या युकॉनच्या व्हाइट गोल्ड पट्ट्यात मी दोन्ही वापरलंय. हिमयुगात हा भाग हिमनद्यांखाली गेला नव्हता, त्यामुळे मातीत सापडलेलं सोनं सहसा खालच्या खडकाचंच असतं. म्हणजे भोक कुठे पाडायचं हे बरंचसं कळतं. कसं पाडायचं, तेवढंच उरतं.

आरसी झटपट आणि स्वस्त, यावर कोणी भांडणार नाही. सोनं दाणेदार असेल तर नमुना वजनदार मिळतो, हीही जमेची बाजू. कोअरचे हाल वेगळे: भोकात पाणी सोडावं लागतं, आणि ते गोठू नये म्हणून तापवा नाहीतर त्यात मीठ घाला. मशीन थांबलं की रॉड आतच गोठतात. एक अख्खी रात्र आम्ही त्या पायी गरम पाणी ओतत काढली आहे.

तरी माझं मन आरसीवरून उडालं ते सायक्लोनमुळे, म्हणजे वर आलेला चुरा हवेपासून वेगळा करून पिशवीत पाडणाऱ्या भांड्यामुळे. कॉम्प्रेसरची हवा गरम. तिनं खालचं गोठलेलं पाणी वितळतं, चुरा ओला होतो आणि वर येऊन सायक्लोनच्या भिंतीला चिकटून बसतो. मदतनीस बाहेरून रबरी हातोडीनं ठोकत राहायचा. मधेच एखादं ढेकूळ सुटून पिशवीत पडायचं. ते कुठल्या मीटरचं, देव जाणे. आकडे आले तेव्हा एका भरघोस नमुन्याखाली सात-आठ नमुने सोनं हळूहळू उतरत गेलेलं. आम्ही खूश, जाड पट्टा लागला! खात्रीसाठी शेजारी कोअर काढला, तर हातभर क्वार्ट्‌झची शीर आणि खाली कोरा खडक.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन लागतं, तिथे जमीन बहुधा गोठलेली नसते. भूजल खोल असेल तर आरसी छान चालतं, आणि पहिल्या चाळणीला मी आजही तेच घेईन. पण साठ्याचा आकडा मांडायचा असेल तर निदान काही आरसी भोकांशेजारी कोअरची जुळी भोकं घ्याच. शिरेचा कल चुऱ्यात दिसत नाही. शिवाय अर्धा कोअर पेटीत राहतो. १९९७ मध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या खोट्या सोन्याच्या साठ्याचं बिंग फुटलं तेव्हा पडताळायला तो अर्धा भागच नव्हता, जवळजवळ सगळा कोअर दळून टाकलेला. आमची ती हातभर शीर अजून शेडमध्ये आहे, कोणीही येऊन पुन्हा तपासावी.